हशा का पिकत नाही?

१९९०च्या सुमाराची गोष्ट. गिरगावातल्या आमच्या चाळीत गणेशोत्सवात एका नकलाकाराचा कार्यक्रम ठेवला होता. चाळ तीन मजली, मध्ये फरसबंद चौक. चौकाच्या एका टोकाला मखर आणि त्याशेजारी टेबले जोडून केलेले स्टेज. आम्ही मुले पुढे सतरंजीवर बसलो होतो. बायका आपापल्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या होत्या. पुरुषमंडळी जिन्यापाशी घोळका करून होती. संध्याकाळी पावसाची सर येऊन गेल्यामुळे चौकाचा मधला भाग ओला होता आणि तिथे कोणीच बसले नव्हते. एक कर्णा स्टेजजवळ बांधला होता, दुसरा पार रस्त्यावरच्या फाटकापाशी.

गृहस्थांनी नटांचे आवाज काढले, लोकलमधल्या विक्रेत्यांची नक्कल केली, गिरणीचा भोंगा हुबेहूब वाजवला आणि खात्यातला जॉबर घरी बायकोशी कसा बोलतो ते करून दाखवले. कोणी हसले नाही. आम्ही दोघेचौघे मुले भोंग्याला हसलो, पण मागे वळून पाहिले तर सगळे गंभीर. मग आम्हीही गप्प झालो. दहा मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरून "आवाज येत नाही!" अशी हाक आली, वीस मिनिटांनी "आरती घ्या!" अशी. तासाभराचा कार्यक्रम पंचवीस मिनिटांत संपला. गृहस्थ मखरामागे जाऊन घाम पुसत बसले. त्यांची गिरणी संपानंतर पुन्हा सुरू झालीच नव्हती, आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मिळणाऱ्या मानधनावर त्यांची बरीच भिस्त होती, हे आम्हाला पुढे कळले. मंडळाच्या बैठकीत "यांच्यात काही दम नाही" असा शेरा पडला आणि पुढच्या वर्षीच्या यादीतून त्यांचे नाव गेले.

त्याच हिवाळ्यात लालबागच्या मामांनी आम्हाला परळच्या दामोदर हॉलमध्ये एका करमणुकीच्या कार्यक्रमाला नेले. (सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह म्हणजे गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचे घर होते. २०२३ साली ते पुनर्विकासासाठी बंद झाले.) पडदा वर गेला तर समोर तेच गृहस्थ! नकला त्याच, क्रमही जवळजवळ तोच. भोंगा वाजला तेव्हा हॉल हसला, आणि जॉबर बायकोशी बोलू लागला तेव्हा मामांच्या डोळ्यांतून पाणी आले. शेजारची अनोळखी माणसे एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती.

माणूस एक, विनोद एक. मग चौकात जे पडले ते हॉलमध्ये उभे कसे राहिले? नाटकवाल्यांच्या बोलीत 'प्रयोग पडला' असे म्हणतात. लंडनच्या 'कॉमेडी स्टोअर'ने २०१० साली लोअर परळला, फिनिक्स मिलच्या जुन्या आवारात, विनोदाचा मंच उघडला. त्यानंतर शहरात वाढलेली एकट्याने उभे राहून विनोद सांगणाऱ्यांची पिढी यालाच 'बॉम्ब झालो' असे म्हणते. शब्द बदलला तरी अनुभव तोच. साधारणपणे त्याचे दोनच निदान केले जाते. कलावंत म्हणतो, "आज प्रेक्षक थंड होते." प्रेक्षक म्हणतात, "माणसात दम नव्हता." आम्हाला ही दोन्ही निदाने घाईची वाटतात. ती का, ते पाहू.

हसण्याचा विनोदाशी संबंध किती?

आधी हसणे म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतले मज्जाशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी या प्रश्नाचा अभ्यास प्रयोगशाळेत न करता बाजारात, रस्त्यावर आणि विद्यापीठाच्या आवारात केला. माणसे आपसात बोलत असताना केव्हा हसतात याच्या त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १२०० नोंदी जमवल्या. त्यांत ज्याला विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेले हसणे जेमतेम १० ते २० टक्के होते. बाकीचे हसणे "बरं, येतो मग" अशा अगदी साध्या वाक्यांवरचे. ज्यांना रोजच्या हसण्याची टिपणे ठेवायला सांगितले होते, ती माणसे एकटी असताना जितकी हसली त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसली. म्हणजे हसणे ही विनोदाला दिलेली पावती असण्यापेक्षा माणसांनी एकमेकांना दिलेला इशारा अधिक आहे. पक्ष्यांच्या थव्यात एकाने साद घातली की दुसरा घालतो, तसे काहीसे.

त्यांच्या दुसऱ्या एका निरीक्षणाची आपल्याला पुढे गरज लागेल. बोलणारा स्वतः हसतो तेव्हा तो वाक्याच्या मध्ये सहसा हसत नाही. वाक्य किंवा वाक्यखंड संपला की तेथे हसतो. आपण लिहिताना जिथे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम देऊ, नेमका तिथे. बोलणे आणि हसणे या दोघांनाही तोच श्वास आणि तोच कंठ लागतो, आणि त्या भांडणात बहुधा बोलणे जिंकते.

आता विनोद समजण्याकडे वळू. "आईने गरम पोळीवर तूप वाढले" हे वाक्य ऐका. मग "आईने गरम पोळीवर छत्री वाढली" हे ऐका. दुसऱ्या वाक्यात 'छत्री' या शब्दापाशी मेंदू अडखळतो. डोक्याच्या त्वचेवर विद्युतअग्रे लावून हा अडखळा मोजता येतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली दाखवून दिले की अर्थाला न जुळणारा शब्द आल्यावर सुमारे ०.४ सेकंदांनी मेंदूच्या विद्युतसंकेतात एक ठळक ऋण लाट उमटते. पण नुसत्या अडखळण्याने कोणी हसत नाही. त्या विसंगतीचा उलगडा व्हावा लागतो, 'अच्छा, असे होय!' असे वाटावे लागते. त्यासाठी लागणारी माहिती ऐकणाऱ्याजवळ आधीपासून असली पाहिजे. जॉबर म्हणजे गिरणीच्या खात्यात कामगारांवर देखरेख करणारा, एके काळी कामावर घेणारा-काढणारा माणूस. त्याचा दरारा मामांनी वीस वर्षे सोसलेला. आमच्या चाळीत बहुतेक कारकून, पोस्टातले आणि बँकेतले लोक. त्यांना जॉबर हा शब्द ऐकून माहीत, पण त्याचा आवाज माहीत नाही. त्यांच्या बाबतीत विसंगती जन्मलीच नाही, तर उलगडा कशाचा होणार?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच की. प्रेक्षक चुकीचे होते. पण लोकलमधल्या विक्रेत्याची नक्कल तर गिरगावकरांना पुरेपूर कळणारी होती, तरी तीही पडली. तेव्हा आणखी खोलात जायला हवे.

एक माणूस उठून गेला तर

१९७८ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने एक साधे गणित मांडले. त्याने उदाहरण दंगलीचे घेतले होते. आपण हसण्याचे घेऊ. समजा, शंभर माणसे बसली आहेत. प्रत्येकाचा एक 'उंबरठा' आहे. उंबरठा म्हणजे, आपल्याआधी किती जण हसले की हा माणूस मोकळेपणाने हसेल तो आकडा. पहिल्याचा उंबरठा शून्य. तो कोणाचीही वाट न पाहता हसतो. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असे करत शेवटच्याचा नव्व्याण्णव. विनोद झाला. शून्यवाला हसला. ते ऐकून एकवाला हसला. आता दोघे हसताहेत, म्हणून दोनवाला हसला. पाहता पाहता शंभरच्या शंभर हसले.

आता फक्त एक बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता तो माणूस दूध उतू जाईल म्हणून घरात गेला आणि त्याच्या जागी उंबरठा दोन असलेला माणूस आला. बाकीचे नव्व्याण्णव तेच. विनोद झाला. शून्यवाला हसला. आता एक जण हसतो आहे, पण एकावर समाधान मानणारा कोणीच नाही. साखळी तिथेच तुटली. शंभरांत एक माणूस हसला, आणि तोही इकडेतिकडे पाहून ओशाळला असेल.

बाहेरून पाहणारा काय म्हणेल? पहिल्या दिवशीचे प्रेक्षक रसिक, दुसऱ्या दिवशीचे अरसिक. पहिल्या दिवशी विनोद उत्तम, दुसऱ्या दिवशी भिकार. प्रत्यक्षात दोन्ही समुदायांत एका माणसाचा आणि एका आकड्याचा फरक आहे. शेवटी जे दिसले त्यावरून माणसांच्या मनात काय होते याचा अंदाज बांधता येत नाही, हे ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे. विनोद पडण्याच्या बाबतीत आम्हाला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. चौकात त्या रात्री मनातल्या मनात हसणारे कितीतरी असतील.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना यातून युरेनियमची आठवण झाली असेल. एका अणूच्या विखंडनातून निघालेले न्यूट्रॉन पुढची किती विखंडने घडवतात, यावर सगळे अवलंबून असते. समजा, सातशे प्रेक्षकांपैकी दहा जण आपणहून हसले आणि प्रत्येक हसणारा सरासरी ०.८ जणांना हसवतो. मग १० + ८ + ६.४ + ... ही भूमिती श्रेढी, तिची बेरीज १० भागिले (१ − ०.८), म्हणजे ५०. सातशेंत पन्नास, हीच ती इकडेतिकडे पिकणारी खसखस. तो आकडा ०.८ ऐवजी ०.९५ झाला तर बेरीज २००. आणि १च्या वर गेला तर श्रेढीला बेरीजच उरत नाही. हसायला माणसे शिल्लक नाहीत इथपर्यंत हशा पसरतो. तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाली, म्हणजे तिने हीच १ची पायरी गाठली. विनोद थोडासा बरा असणे आणि प्रयोग 'उचलला जाणे' यांत इतका प्रचंड फरक का पडतो, ते यावरून कळेल. १च्या आसपास इंचभर सरकले तरी निकाल उलटतो.

युरेनियमचा तेवढाच साठा गोळा करून ठेवला तर साखळी चालू राहते, पातळ पत्रा करून पसरला तर न्यूट्रॉन पृष्ठभागातून निसटून जातात आणि साखळी विझते. चाळीच्या तीन मजली गॅलऱ्या म्हणजे प्रेक्षकांचा पातळ पत्राच की! प्रत्येक काकू आपल्या दाराशी, शेजारणीपासून चार हात लांब. खालच्या मजल्यावर कोणी हसले तर वरच्या मजल्यावर ते दिसत नाही आणि धड ऐकूही येत नाही. दामोदर हॉलमध्ये खांद्याला खांदा लागून बसलेली माणसे म्हणजे गोळा.

उपमा फार ताणू नये हे खरे. माणसे काही फक्त शेजाऱ्याकडे पाहून वागत नाहीत. २०१३ साली रिचर्ड मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या लहान गटांत टाळ्या कशा पसरतात याचे चित्रण करून विश्लेषण केले. तेव्हा असे आढळले की शेजारचा टाळी वाजवतो की नाही यापेक्षा एकूण खोलीत किती जण वाजवताना ऐकू येतात, यावर माणूस टाळी सुरू करतो. म्हणजे जवळ बसण्यापेक्षा ऐकू येणे महत्त्वाचे. दुसऱ्याचे हसणे कानावर पडले की तोच विनोद जास्त बरा वाटतो, हेही मोजून झाले आहे. लंडनमध्ये सोफी स्कॉट यांच्या गटाने चाळीस सुमार विनोद लोकांना ऐकवले. त्यांच्यामागे ध्वनिमुद्रित हसणे जोडले तेव्हा लोकांनी त्यांना अधिक गुण दिले, आणि हसणे जितके उत्स्फूर्त तितके गुण जास्त (२०१९). अमेरिकी दूरचित्रवाणीने १९५० पासून मालिकांना हसण्याच्या फिती जोडल्या त्या याच भरवशावर. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत तर पैसे देऊन हसणारे बसवत. उंबरठा शून्य असलेली माणसे भाड्याने आणायची!

भिंती, कर्णे आणि अंतर

तेव्हा प्रश्न ऐकू येण्याचा झाला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आमच्या चौकात स्टेजजवळचा कर्णा आणि फाटकाजवळचा कर्णा यांत ३४ मीटर अंतर धरा. फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला जवळच्या कर्ण्यातून शब्द आला की एक दशांश सेकंदाने तोच शब्द लांबच्या कर्ण्यातून पुन्हा येतो. ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान पहिल्यातच मिसळून घेतो; ५०च्या पलीकडे गेला की तो वेगळा ऐकू येऊ लागतो. इथे तर १०० झाले. त्यात समोरच्या भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजाची भर. विनोदाचा सगळा जीव बहुतेक वेळा शेवटच्या एका शब्दात असतो, आणि तोच शब्द मागच्या शब्दाच्या शेपटीत गुरफटतो. शिवाय कर्ण्यातून खर्जातले आवाज नीट येत नाहीत, काहीशे हर्ट्झच्या खालचे बरेचसे गळून जातात. भारदस्त नटाचा आवाज काढावा आणि तो पत्र्याच्या डब्यातून यावा, मग नक्कल ओळखणार कोण?

बंद नाट्यगृहाचे गणित वेगळे. तिथे आवाज किती काळ घुमतो हे वॉलेस सॅबाइन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधले. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका सभागृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राही. रात्री शहर शांत झाल्यावर सॅबाइन दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तेथे मांडत असे आणि घुमण्याचा काळ मोजत असे. त्यातून निघालेले सूत्र सोपे आहे: घुमण्याचा काळ सेकंदांत = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. एक सर्वसाधारण हॉल घेऊ: घनफळ ४००० घनमीटर, रिकामा असताना शोषण ४०० चौरस मीटर, खुर्च्या लाकडी. घुमण्याचा काळ १.६ सेकंद. बसलेला एक माणूस अंगावरच्या कपड्यांसकट साधारण ०.४ चौरस मीटर शोषण देतो. दोनशे माणसे आली तर काळ १.३४ सेकंद, सातशे आली तर ०.९५. बोलणे स्पष्ट ऐकू यायला एक सेकंदाच्या आसपासचा काळ चांगला. म्हणजे भरलेल्या हॉलमध्ये विनोद नीट ऐकू येतो, आणि रिकाम्या हॉलमध्ये आधीच थोडी माणसे असताना शब्दही अस्पष्ट होतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. (गादीच्या खुर्च्या असल्या तर रिकाम्या-भरल्यातला हा फरक बराच कमी होतो.) उघड्या चौकात आवाज घुमत नाही हे चांगले, पण प्रेक्षकांचे हसणेही वर आकाशात निघून जाते. नाट्यगृहाचे छत हे हसणे प्रेक्षकांच्या डोक्यावर परत टाकते.

पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग सुरू केले. त्या व पुढच्या प्रयोगांच्या वेळी सुनीताबाई ध्वनिक्षेपण आणि बैठकव्यवस्थेबाबत फार काटेकोर असत, हे सर्वश्रुत आहे. काही जणांना तो हट्ट वाटे. सॅबाइनला वाटला नसता.

मंचावरच्या माणसाचे काय होते?

आतापर्यंत आपण प्रेक्षकांकडे पाहिले. पण मंचावरचा माणूस म्हणजे वाजत राहणारी फीत नव्हे. तोही ऐकत असतो. पहिल्या विनोदावर शांतता पसरली की त्याच्या शरीरात धोक्याची घंटा वाजते. अॅड्रेनलिन स्रवते, नाडी वाढते, तोंड कोरडे पडते, श्वास उथळ होतो. श्वास उथळ झाला की वाक्ये तुटतात आणि बोलण्याचा वेग वाढतो.

आता मघाची दोन निरीक्षणे एकत्र करा. शेवटचा शब्द ऐकल्यावर त्यातली विसंगती मेंदूला जाणवायलाच ०.४ सेकंद लागतात, उलगडा त्यानंतर. मग शून्य उंबरठ्याचे लोक हसतात, त्यांचे ऐकून पुढचे. 'हा-हा-हा'मधला प्रत्येक 'हा' सुमारे ०.२ सेकंदांच्या अंतराने येतो, तेव्हा तीनचार 'हा' ऐकून शेजाऱ्याला धीर यायला आणखी अर्धापाऊण सेकंद जातो. म्हणजे खसखशीचा हशा व्हायला दीड-दोन सेकंदांची मोकळी जागा हवी. घाबरलेला माणूस नेमकी तीच जागा खाऊन टाकतो. अर्ध्या सेकंदात तो पुढचे वाक्य सुरू करतो, हसू पाहणारे लोक ऐकण्यासाठी गप्प होतात, साखळी तुटते, शांतता वाढते, आणि त्या शांततेने तो आणखी घाई करतो. माइक कर्ण्यासमोर धरला की शिट्टी वाजते ना, तसेच हे फेऱ्यात वाढत जाते. पंचवीस मिनिटांत कार्यक्रम आटोपला यात आम्हाला आता नवल वाटत नाही.

नटमंडळी 'टायमिंग' म्हणतात ते बहुतांशी या जागेचे भान असते. शेवटच्या शब्दाच्या आधी थांबायचे असते, असा एक समज आहे. पण साल्व्हातोर अत्तार्दो आणि लुसी पिकरिंग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, विनोद सांगताना शेवटच्या शब्दांपूर्वी माणसे खास असे थांबत नाहीत, असेच दिसले. खरे कौशल्य नंतर थांबण्यात असावे असा आमचा तर्क आहे. हशा चढत असताना गप्प राहायचे आणि तो उतरणीला लागला की पुढचे वाक्य टाकायचे. नायगावच्या कामगार वस्तीत वाढलेले दादा कोंडके वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त ऐन वेळी, त्या गावच्या आणि त्या दिवसाच्या संदर्भांची भर घालत. आमच्या भाषेत सांगायचे तर ते प्रेक्षकांजवळची माहिती आधी चाचपून पाहत आणि मग विसंगती त्या मापाची कापत.

या साऱ्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या 'सिद्धी'वर एक स्वतंत्र अध्यायच आहे. प्रेक्षकांचे स्मित, अर्धे हसू, मोठ्याने हसणे, 'साधु साधु' म्हणणे ही यशाची चिन्हे म्हणून नोंदवली आहेत. त्याबरोबर प्रयोगाला होणारे 'घात'ही दिले आहेत: वारा, अग्नी, पाऊस यांसारखे दैवी, नटाच्या स्वतःच्या चुकीमुळे होणारे, आणि शत्रूंनी आरडाओरडा करून, शेण किंवा ढेकळे फेकून केलेले. अपयशाचे खापर एकट्या नटावर न फोडता कारणांची प्रतवारी लावण्याची ही दृष्टी आम्हाला शास्त्रीय वाटते.

वर्गातली शांतता

आपण शिक्षक. रोज चाळीस-पन्नास जणांसमोर पाच-सहा प्रयोग करणारे. "समजलं का? कोणाला काही शंका?" असे विचारल्यावर वर्गात पसरणारी शांतता आपल्याला चौकातल्या त्या शांततेइतकीच ओळखीची आहे. तिचाही अर्थ आपण दोन प्रकारे लावतो: 'मुले मठ्ठ आहेत' किंवा 'मला शिकवता येत नाही'. पण हात वर करण्यालाही उंबरठे असतात. शंका सर्वांना आहे, मात्र पहिला हात कोणी वर करायचा? शून्य उंबरठ्याची मुलगी आज गैरहजर असेल, तर वर्ग 'थंड' दिसेल. काल तिने हात वर केला तेव्हा तिच्यामागे सहा हात वर आले होते.

थांबण्याचेही तसेच. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असे त्यांना आढळले. शिक्षकांनी प्रयत्नपूर्वक तीन सेकंद वा अधिक थांबायला सुरुवात केल्यावर मुलांची उत्तरे लांब झाली, आपणहून बोलणारे वाढले आणि गप्प राहणे कमी झाले. सेकंदकाटा असलेले घड्याळ टेबलावर ठेवून हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. तीन सेकंद किती लांब वाटतात हे पहिल्याच दिवशी कळेल.

एक कबुली द्यायला हवी. आमच्या चौकाची आणि दामोदर हॉलची तुलना हा काही नियंत्रित प्रयोग नव्हे. एका वेळी एकच घटक बदलावा असे आपण मुलांना शिकवतो; इथे प्रेक्षक, भिंती, कर्णे, हवा, बैठक सगळेच एकदम बदलले होते. त्यांतल्या कोणत्या घटकाचा वाटा किती, हे त्या दोन रात्रींवरून सांगता येणार नाही. मंडळाने मात्र ते एकाच रात्रीवरून ठरवून टाकले होते.

ते गृहस्थ पुढे आम्हाला एकदाच दिसले. दादरच्या एका चाळीत, असाच गणेशोत्सव, असाच चौक. त्यांनी माइक हातात घेतला नाही. आधी खाली उतरले आणि कार्यकर्त्यांकडून सतरंज्या ओढून स्टेजला भिडवून घेतल्या. जिन्यापाशी उभ्या असलेल्या पुरुषांना "दादा, इथे बसा, जागा आहे" म्हणत एकेक करून आत घेतले. गॅलऱ्यांकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "ताई, काकू, वर काही ऐकू येत नाही, पाच मिनिटे खाली या." फाटकावरचा कर्णा बंद करायला लावला. यात पंधरा मिनिटे गेली. सेक्रेटरी घड्याळ पाहू लागले. मग ते स्टेजवर चढले, तोंडाने गिरणीचा भोंगा काढला, आणि थांबले.